एकविसावा माणूस

बेचाळीसच्या त्या एप्रिलच्या सकाळी ढग नसते तर टेहळणीच्या विमानाला जपानी आरमार दिसलं असतं, असं आमच्याकडचे म्हातारे अजून म्हणतात. इंग्रज सावध झाले असते. जपान्यांनी चार बॉम्ब टाकले असते आणि ते परत गेले असते. पण ढग होते. तीन दिवसांत जपानी लंकेच्या दक्षिणेला, गॉलला उतरले. इंग्रज वाटेतले पूल उडवत वर डोंगरात, कँडीकडे गेले, आणि आम्ही किनाऱ्यावरचे लोक खाली उरलो.

माझे वडील अँडिरिस गावचे आरच्ची होते, म्हणजे सरकारने नेमलेले गावप्रमुख. सरकार बदललं, तात्ता तेच राहिले. जपानी अधिकाऱ्याने विहारात बुद्धापुढे डोकं टेकवलं, तेव्हा ते खूश होऊन मला म्हणाले, "बघ सोमा, ही आपल्यातलीच माणसं."

पावसाळ्यापर्यंत तांदूळ संपला. फणसाच्या आठळ्या उकडून आम्ही दिवस काढू लागलो. मग हुकूम आला की समुद्राकाठी धावपट्टी बांधायचीय, माणसं द्या. दर खेपेला वीस.

यादी करायचं काम तात्तांचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शिवाय दुभाषाला इंग्रजी अक्षरं हवी होती, आणि मिशनच्या शाळेत शिकलेली गावात मी एकटीच. तात्ता नावं सांगायचे, मी लिहायचे. पहिल्या तीन याद्यांत माडी काढणारे होते, मजूर होते, तात्तांशी कधीतरी भांडलेले होते. ज्यांच्या घरून आमच्याकडे कोंबड्या यायच्या, त्यांची नावं तात्तांना आठवत नसत. मला हे कळत होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, एवढंच मी तेव्हा स्वतःला सांगत असे.

साठ माणसं गेली. त्यातली अकरा मेल्याचं कळलं. काही हगवणीने, काही इंग्रजांच्या बॉम्बने, कारण इंग्रजांची विमानं येऊन ती धावपट्टी फोडायची आणि खाली आपलीच माणसं असायची.

एके दिवशी मी विहिरीवर गेले तेव्हा पुंचीनोना तिथे होती. तिचा नवरा समुद्रात बुडून गेलेला, एकुलता एक मुलगा जुवानिस आमच्याच बागेत दालचिनी सोलायला यायचा. माझ्याकडे न बघता ती बायकांना म्हणाली, "आरच्चींना सगळ्या गावाची घरं दिसतात, स्वतःचंच दिसत नाही. मोतीबिंदू ना बिचाऱ्यांना!"

बायका खदखदून हसल्या. मी घागर अर्धीच भरून घरी आले आणि तात्तांना शब्दन् शब्द सांगितला. ते चिडतील, तिला बोलावून झापतील, असं मला वाटलं. ते उठून आत गेले.

चौथी यादी त्यानंतर आठ दिवसांनी झाली. दुपारी ओसरीवर बसून मी एकोणीस नावं लिहिली. तात्ता थांबले. चष्मा काढून सारोंगच्या टोकाने पुसत बसले.

"लिही. धर्मसेन."

"कुठला धर्मसेन?"

"आपला. दुसरा कुठला?"

धर्मसेन माझा थोरला भाऊ, माझा अय्या. आई गेल्यावर त्यानेच मला वाढवलं होतं, माझ्या वेण्या घातल्या होत्या.

"लिहिलंस?"

"हो."

मी लिहिलं होतं जुवानिस. विचार करून लिहिलं असं मला म्हणवत नाही, आणि विचार न करता लिहिलं असंही नाही. बायकांचं ते हसणं कानात होतं.

संध्याकाळी तात्तांनी अय्याला स्वतः सांगितलं. अय्या हसून म्हणाला, "चला, आठळ्यांतून तर सुटलो." मी मान वर केली नाही. उद्या नाव येणार नाही, मग तो घरीच राहील, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सकाळी गाव शाळेच्या पटांगणात जमलं. अय्याच्या हातातलं गाठोडं सगळ्यांनी पाहिलं. दोन मुलं गमावलेला एक म्हातारा तात्तांजवळ आला आणि त्यांचा हात दाबून गेला. तात्ता ताठ उभे होते. इतके ताठ मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुभाषाने विसावं नाव वाचलं. "जुवानिस."

पुंचीनोनाने एकच किंकाळी फोडली. तात्ता माझ्याकडे वळले. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण मला त्यांचा दिसत होता. आधी गोंधळ, मग संताप, आणि मग सुटका. मुलगा वाचल्याची सुटका. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाटक केलं!" कोणीतरी ओरडलं. "गाठोडं बांधून नाटक केलं!"

अय्या गर्दीतून पुढे गेला. "माझं नाव राहिलंय. याला सोडा, विसावा मी."

दुभाषाने अधिकाऱ्याला सांगितलं. अधिकारी त्या दोघांकडे पाहून हसला.

"साहेब म्हणतात, उत्तम," दुभाषा म्हणाला. "एकवीस."

लॉरीत चढताना जुवानिस अय्याला म्हणाला, "अर्धं गाठोडं माझं, आधीच सांगून ठेवतो." अय्याने गाठोडं त्याच्या मांडीवर टाकलं. अय्याला मी पाहिलं ते शेवटचं.

पाच महिन्यांनी अय्या धावपट्टीवर बॉम्बने मेला. जुवानिसला नेलं त्या दिवसापासून पुंचीनोना रोज आमच्या फाटकापाशी यायची आणि थुंकून जायची. तात्ता ओसरीवर बसून असायचे. एकदा मी दार लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे उघडं."

चव्वेचाळीसच्या अखेरीस इंग्रज डोंगरातून खाली आले. जुवानिस परतला, डावा हात कोपरापासून नव्हता. तात्तांना याद्यांसाठी धरून नेलं. "आंधळ्याने कशा लिहिल्या?" असं विचारलं, तर म्हणाले, "तेव्हा दिसत होतं." दोन वर्षांनी सुटून आले ते मरायलाच. त्या एका नावाबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले.

"तू एका क्षणात लिहिलंस, सोमा. मला तर बोलायला पुरेसा वेळ होता."

त्यांना अग्नी दिल्यावर सातव्या दिवशी मी पुंचीनोनाकडे गेले. ती अंगणात काथ्या कुटत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, विहिरीपासून पटांगणापर्यंत. तिचा हात थांबला.

"तुझ्या बापाला माहीत होतं?"

"हो."

"आणि तो मला थुंकू देत होता?"

मी मान हलवली. तिने हातातलं सोडण खाली ठेवलं.

"बोलून तू मोकळी झालीस. आता मी काय करू याचं?" ती म्हणाली. "जुवानिसला सांगू नकोस. नशिबाने नेलं असं त्याला वाटतं. नशिबावर त्याचा राग नाही."

मी निघाले.

"बस," ती म्हणाली. "तुझं मी ऐकलं. आता माझं ऐक."

मी जमिनीवर बसले. जुवानिस गेल्यावर पहिल्या दिवशी तिने काय केलं, दुसऱ्या दिवशी काय केलं, कुठल्या आवाजाला दचकून दारात आली, ताटात किती आठळ्या त्याच्यासाठी बाजूला काढल्या, हे ती एकेक करून सांगत राहिली. मध्येच थांबून काथ्या कुटायची, पुन्हा सांगायची. उन्हं उतरली तेव्हा ती पहिल्या पावसाळ्यापर्यंतच आली होती.

"उद्या ये," ती म्हणाली.

मी गेले.