कुंकू शेवटी

जयसिंगने ब्रश उचलला, चांगुणेच्या कपाळापर्यंत नेला आणि पुन्हा खाली ठेवला. म्हणजे चित्रातल्या कपाळापर्यंत; खरी चांगुणा समोर स्टुलावर अवघडून बसली होती.

"आज तरी ठेवा की कुंकू," ती म्हणाली. "मोकळं कपाळ बघून जीव थाऱ्यावर ऱ्हात न्हाई माझा."

"कुंकू शेवटी."

हा त्याच्या धंद्याचा नियम होता. घोडनदीच्या पेठेतल्या त्या खोलीत बसून त्याने तीस वर्षं मेलेल्या माणसांची चित्रं काढली. शिरूरपासून दौंडपर्यंतचे लोक टीचभर फोटो आणून द्यायचे आणि तो त्यातून भिंतीवर लावायचं माणूस उभं करायचा. बाई असली, तर सगळं झाल्यावर घरच्यांना विचारायचं, सवाष्ण गेली का? हो म्हणाले की कुंकू, नाही म्हणाले की मोकळं कपाळ.

दुष्काळ सरला त्या वर्षी त्याने पहिल्यांदाच जिवंत माणूस समोर बसवलं, तेही स्वतःची बायको. मग त्याला खूळच लागलं. गिऱ्हाइकं दारातून परत जाऊ लागली. नुसत्या डोळ्यांना सहा महिने गेले. टर्पेंटाइनच्या वासाने खोकला वाढला, डॉक्टरांनी हे काम सोडा म्हणून बजावलं, तरी गडी ऐकेना. चांगुणा वरवर कुरकुरायची. पण खरं सांगायचं तर तिला त्या दुपारी हव्याहव्याशा वाटत. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि नवऱ्याने तिला इतकं निरखून कधी पाहिलंच नव्हतं.

"आता काय अडलंय?" तिने विचारलं.

"तू रोज निराळ्या जागी लावतीस. कवा डावीकडं, कवा लईच डावीकडं. मधोमध म्हणून कवा न्हाई."

"मग तुमी मधी काढा."

"मग ती तू न्हाईस." तो हसला, हसता हसता खोकला आणि बशीतला लाल रंग घोटत राहिला. "रंग जमलाय आज. उद्या ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा चहा घेऊन आली, तेव्हा तो त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता. ब्रश हातात होता. चेहरा एखादं काम मनासारखं झाल्यावर असायचा तसाच होता.

तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर नणंद कुशाबाई चित्रासमोर उभी राहिली.

"दादाला जणू कळलं व्हतं बघा, वैनी," ती डोळे पुसत म्हणाली. "कपाळ मोकळंच ठिवलं. आता हाय तसं टांगता येतंय."

चांगुणेने चित्राकडे पाहिलं. तेरा दिवसांत चित्रातली बाई हुबेहूब तिच्यासारखी झाली होती. तिला ते मुळीच आवडलं नाही.

तिने कोपऱ्यातली बशी उचलली. रंगावर साय धरली होती. नखाने ती फोडली, तर आत लाल रंग अजून ओला होता. तिने त्यात बोट बुडवलं.

"आवं वैनी, आता कसं?"

"ही बसली व्हती, वन्सं, तवा तिचा नवरा समोर व्हता."

रोज आरशापुढे लावायची तसं तिने चित्राच्या कपाळावर बोट टेकवलं आणि दोन पावलं मागे सरून पाहिलं.

"लईच डावीकडं गेलं," ती म्हणाली, आणि तेरा दिवसांनी पहिल्यांदा तिला हसू आलं.