मालकाच्या वजनाचा गूळ

"लाभऽ रे लाभऽ! जोडीचे दोनऽ रे दोनऽ! तुळशीचे तीनऽ रे तीनऽ!"

हा आवाज तानबाचा. माझ्या साखळ्यांना त्याचा हात पहिल्यांदा लागला, तेव्हा तो असाच गात धान्य मोजत होता. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, अशी आमच्या अडतीची रीत. त्या गोष्टीला किती उन्हाळे लोटले, तरी ती लकेर अजून माझ्या दांडीत घुमते.

मी एक जुना काटा आहे, मित्रांनो. आढ्याला टांगलेला, पोतीच्या पोती तोलणारा मोठा लोखंडी काटा. नागपूरच्या भट्टीत मला ओतले, सागवानी पारडी जोडली आणि बैलगाडीत घालून हिंगणघाटला पुंडलिकरावांच्या धान्याच्या अडतीवर आणले. तानबा तिथला मापारी. उंच, काटकुळा, पण दोन मणांचे पोते उचलताना श्वासही चढायचा नाही.

आम्हा काट्यांचे नशीब मोठे विचित्र. आमच्याकडे कोणी मायेने पाहत नाही. तूर घेऊन आलेला शेतकरी आधी माझ्या मधल्या काट्याकडे बघायचा, मग तानबाच्या बोटांकडे. कोणी तर वाकून पारड्याखाली काही चिकटवले आहे का, तेही पाहायचा.

"तानबा, अंगठा काढ बरं पारड्यावरून!"

"अंगठा माहाच हाय ना बे? का तोही तुह्या तुरीत मोजू?"

सगळे हसायचे. पण हसतानाही त्यांची नजर काही हलायची नाही. मी मात्र बिनघोर होतो. आमच्या दोघांत खोट नव्हती.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. माणसे लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी खात, खडी फोडायला जात. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोरे अडतीसमोरून चालत जात. पुढच्या साली पीक बरे आले. तेव्हा पुंडलिकरावांनी देवापुढे बोलून टाकले, "दर रामनवमीला माझ्या वजनाचा गूळ वाटीन."

त्या रामनवमीला मला झेंडूच्या माळा घातल्या. एका पारड्यात गादी टाकून मालक बसले, दुसऱ्यात तानबा गुळाच्या भेली रचत गेला. एकोणसत्तर किलो भरले. त्या दिवशी हिंगणघाटातल्या किती घरांत गोड झाले असेल! मित्रांनो, माझ्याकडे माणसांनी संशयाने न पाहिलेला तो माझा पहिला दिवस.

दुष्काळ पाहिलेल्या माणसांना सुटलेले पोट म्हणजे देवाचा हात वाटे. त्यात आता मालकांच्या पोटाशी साऱ्यांच्या गुळाचे नाते जुळलेले. हमाल म्हणायचे, "शेट, आणखी एक जिलेबी घ्या. तुमच्या पोटात गेलं का आमच्या पोटात येते." घरी मालकांच्या पत्नी यशोदाबाई वरणावर तुपाची धार सोडायच्या ती हात दुखेपर्यंत. मालकांनी स्कूटर घेतली आणि वेणा नदीच्या काठच्या देवळापर्यंतची पायपीटही संपली. दरसाल चार-पाच किलो वाढत गेले. ऐंशी साली मालक अठ्ठ्याण्णव किलो भरले. लोकांनी टाळ्या पिटल्या. खरे सांगतो, मलाही अभिमान वाटला. वजन वाढते आहे एवढेच मला कळत होते, आत काय बिघडते आहे ते कळायला काटा पुरत नाही.

एक्याऐंशीच्या रामनवमीला मात्र मधला काटा लवकर सरळ झाला. पंच्याण्णव!

मालकांचा चेहरा उतरला. "तीन किलो कुठं गेले रे? मी तर दोन घास जास्तच खाऊन राह्यलो."

"मालक, काटा सांगते ते..."

"काट्याले काय कळते!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वजनमापाच्या इन्स्पेक्टरला आणवले. त्याने आपली पितळी वजने टाकून मला उलटेपालटे तपासले आणि ठप्पा मारला. मी खरा ठरलो. मला वाटले, सुटलो. पण मालक तानबाकडे वळले.

"काटा खरा, म्हणजे हात खोटा. उरलेल्या भेली घरी न्यायच्या होत्या का तुले?"

चार हमालांदेखत म्हणाले. त्या दिवशी तानबाने मापे मोजली, पण तो गायला नाही.

पुढच्या रामनवमीच्या आधी तो एक पिशवी घेऊन वेणेवर गेला. येताना रेती घेऊन आला. मालकांच्या बसायच्या गादीची शिवण उसवून त्याने तळाला रेती भरली, वर कापूस पसरला आणि पोती शिवायच्या दाभणाने टाके घातले. तुलेच्या वेळी रिकामी पारडी बरोबर करून सगळ्यांना दाखवली आणि मगच गादी टाकली. कापसाच्या गादीचे वजन ते काय असणार? कोणी विचारले नाही. मालक बसले. अठ्ठ्याण्णव!

"पाह्यलं?" मालक खुशीत म्हणाले. "एक डाव डोळे वटारले का काटाही सरळ येते!"

माझ्या साखळ्या खाली ओढल्या गेल्या, मित्रांनो. मला मालकांचे ओझे वेगळे कळत होते आणि रेतीचे वेगळे. पण मला तोंड कुठे?

पुढची दोन वर्षे रेती वाढत गेली, कारण मालक आटत गेले. सदरे खांद्यावरून ओघळू लागले. तांब्यावर तांबे पाणी पिऊनही त्यांची तहान भागेना. यशोदाबाईंना मोरीपाशी मुंग्यांची रांग दिसे. त्यांना वाटे, कोणी काही करून टाकले. त्यांचा संशय शेजारच्या दुकानावर गेला, मग तानबावर. कारण तो गादीला कोणाला हात लावू देत नसे.

"दे इकडं गादी, उन्हात टाकते," त्या म्हणाल्या.

"राहू द्या माय, मी टाकतो."

"काऊन? काय लपवून ठेवलं तिच्यात?"

"कापूसच हाय, माय."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तो खाली.

चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात मालकांच्या वहाणेतला खिळा टाचेत शिरला आणि त्यांना कळलेही नाही. संध्याकाळी यशोदाबाईंना फरशीवर रक्ताचे ठसे दिसले. जखम महिनाभर भरेना, काळी पडू लागली. तेव्हा वर्ध्याच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लघवी तपासली, वजन केले. एक्याऐंशी किलो. म्हणाले, साखरेचा आजार आहे, बरीच वर्षे अंगात मुरलेला दिसतो. आजपासून रोज इंजेक्शन आणि गोड बंद. नाहीतर पाय कापावा लागेल, आणि तेवढ्यानेही भागेल असे नाही.

मालक इंजेक्शन न घेताच एस.टी.त बसून परत आले. लंगडत अडतीवर आले आणि गरजले, "आता रामनवमीले अठ्ठ्याण्णव भरलो मी! साऱ्या गावानं पाह्यलं. वजनदार माणसाले कुठं आजार राह्यते? तो डॉक्टर खोटा, अन् त्याचा काटाही खोटा."

"अहो, पाय तर पाहा," यशोदाबाई रडत होत्या. "घ्या ना ते इंजेक्शन."

"तानबा! टांग काटा. आण माझी गादी. आताच तोल मले. अठ्ठ्याण्णव भरलो तर वर्ध्याचं नाव काढाचं नाई कोणी!"

ज्या मालकांनी माझ्या खऱ्या आकड्यावर कधी विश्वास ठेवला नाही, ते आता माझ्या खोट्या आकड्यावर जीव टाकून बसले होते.

तानबाने मला टांगले. गादी उचलली. तो पारड्यापाशी उभाच राहिला. त्याने गादी टाकली असती तर मालकांचे समाधान झाले असते, त्याची भाकरी टिकली असती, आणि मालक गेले असते.

मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. मी लोखंडाचा, मला जमले नाही. तुम्हाला तोंड आहे. आकडा आवडला नाही म्हणून काट्यावर रागावू नका, आणि आपल्या माणसाला आवडेल तोच आकडा त्याला सांगू नका. पोट सुटत चालले तर कौतुक करू नका. अंग उतरू लागले, तहान शमेना, जखम भरेना, तर संशय कोणावर घ्यायचा ते शोधत बसू नका. त्याचा हात धरा आणि दवाखान्यात न्या.

"काऊन थांबला?" मालक ओरडले. "टाक गादी!"

तानबाने कमरेचे दाभण काढले आणि गादीची शिवण फाडली. भुरा कापूस बाजूला पडला आणि रेतीची धार मालकांच्या काळ्या पडलेल्या पायाजवळ सांडत राहिली, सांडतच राहिली. यशोदाबाईंनी तोंडावर पदर धरला.

तानबा खाली बसला. मालकांचा पाय त्याने दोन्ही हातांत धरला.

"ही वेणेची रेती, मालक. पंधरा किलो. तीन सालापासून तुमचं वजन उतरून राह्यलं. मले माहीत होतं. तुम्ही रागावसान म्हणून म्या सांगतलं नाई."