सुयुंबिकेची उडी

सूर्यकांत कर्णिकाला वाकडं म्हणून काही खपायचं नाही. भिंतीवरची तसबीर असो नाहीतर टेबलावरची फाइल, आधी सरळ करणार, मगच बसणार. दुबईपलीकडच्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात लियाकतसाहेबांचं इमारतींची मॉडेलं बनवायचं वर्कशॉप होतं, तिथे हा फोरमन. दुबईत जो टॉवर उभा राहायचा तो आधी याच्या टेबलावर हातभर उंचीचा उभा राहायचा, खिडक्यांसकट. दोन हजार आठची दिवाळी झाली आणि टॉवर थांबले, खरेही आणि टेबलावरचेही. बिल्डर फोन उचलेनासे झाले.

फेब्रुवारीत लियाकतसाहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. माणूस महाडचा, बोलायला गोड.

"कर्णिक, सात माणसं मला जड होतात. एक कमी करा, बाकीच्या सहांना सांभाळतो. कोण, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त मी काढलं असं व्हायला नको. राजीनामा येऊ दे, गुरुवारपर्यंत."

म्हणजे नोटीस नको, ग्रॅच्युइटी नको. सुंठीवाचून खोकला गेला.

मग सहा पुरुष समोरच्या कॅफेटेरियात चहाला बसले आणि सातव्या माणसाचं नाव ठरवलं. मरियमबी. रत्नागिरीकडची, बारीक कामात तिचा हात धरणारा कुणी नाही. पण तिचा व्हिसा नवऱ्याच्या नावावर, नोकरी गेली तरी तिला देश सोडावा लागणार नव्हता. "तिचं काय, तिचा हनीफ आहे ना!" हनीफचा पगार जानेवारीतच अर्धा झाला होता आणि झाराची, म्हणजे तिच्या लेकीची, शाळेची फी मरियमबीच भरत होती. ही नोकरी गेली की पोरीची रवानगी गावी, आजोळी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही. आणि नाव पहिल्यांदा कुणी काढलं म्हणाल, तर सूर्यकांतानंच. लपवायचं कशाला!

त्यानंच कॉम्प्युटरवर राजीनामा टाइप केला. "मी स्वखुशीने नोकरी सोडत आहे." कागद घडी करून खिशात ठेवला. सोमवार गेला, मंगळवार गेला, पण मरियमबीसमोर उभं राहिलं की त्याची जीभ उचलायची नाही.

त्या दिवसांत हातात काम एकच होतं. अल बर्शात राहणारी आल्सू नावाची एक बाई, मूळची रशियातल्या कझानची, तातार. मुलांना पियानो शिकवायची. दुबईतल्या तातारांच्या मेळाव्यात मांडायला तिला त्यांच्या राणीच्या नावाचा मनोरा हवा होता, सुयुंबिकेचा. लाल विटांचा, सात मजली. एकेक वीट मरियमबीनं सुईनं कोरली होती.

बुधवारी आल्सू बघायला आली. कौतुक करता करता थबकली. "पण हा सरळ आहे."

"म्हणजे?"

"आमचा मनोरा कलला आहे. तुम्हाला फोटो दिले होते ना?"

"मला वाटलं, फोटो काढणाऱ्यानं कॅमेरा तिरका धरला," सूर्यकांत म्हणाला. आता याला काय म्हणावं! आल्सू पोट धरून हसली.

"कोण होती ही राणी?" मरियमबीनं हिंदीत विचारलं.

मग आल्सूनं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. साडेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरा वारला, तान्ह्या पोराला गादीवर बसवून तिनं राज्य सांभाळलं. मॉस्कोचा झार तिच्या राज्यावर टपलेला. त्यानं मागणी घातली तेव्हा ती म्हणाली, सात दिवसांत मनोरा बांधून दे. त्यानं दिला. ती वर चढली, आपलं शहर डोळे भरून पाहिलं आणि उडी मारली. "आमच्याकडे अजून मुलींना तिचं नाव ठेवतात," आल्सू म्हणाली.

"पोराला टाकून उडी मारली?" मरियमबीला ते पटेना.

आल्सू म्हणाली, "ही गोष्ट झाली. खरं असं की तिनं उडी मारलीच नाही. शहर वाचावं म्हणून तिच्याच सरदारांनी तिला पोरासकट झारच्या हवाली केलं. होडी निघाली तेव्हा लोक काठावर उभे राहून रडले म्हणतात. पुढे पोरगाही तिच्यापासून तोडला."

"आणि शहर?"

"एक वर्ष टिकलं."

"मग उडी मारली असं का सांगता?"

"आपणच दिली म्हणायची लाज वाटते. उडी मारली म्हटलं की दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. पण बघा, ते सरदार आज कुणाला आठवतात? मान तिचाच आहे."

सूर्यकांताचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला. रात्रभर त्याला झोप नाही. जनाची नाही तरी मनाची होती थोडी, ती आता टोचायला लागली.

गुरुवारी त्यानं मनोऱ्याचा तळ तासून तिरका केला. गोंद लावला. मरियमबीनं मनोरा दोन्ही हातांनी कलता धरून ठेवला आणि त्यानं घडी उलगडून कागद तिच्यासमोर टेबलावर ठेवला.

"यावर तुमची सही घ्यायची होती मला. करू नका."

तिनं वाचलं. हात हलवता येत नव्हते. "कुणी ठरवलं?"

"आम्ही सहांनी. नाव आधी मी काढलं."

"झाराचं ठाऊक असून?"

"ठाऊक असून."

सूर्यकांताला वाटलं, दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गोंद वाळेपर्यंत ती तशीच उभी राहिली, कामात कसूर नाही. मग हात पुसले, कागद उचलला आणि सरळ केबिनमध्ये गेली. हा तिच्या मागोमाग.

"साहेब, मी नोकरी सोडत नाही," मरियमबी म्हणाली. आवाज चढवला नाही. "काढायचं तर तुम्ही काढा, तुमच्या सहीनं. मी कुणालाही तसंच सांगेन."

"कर्णिक, हे काय चाललंय?"

"मी नाव दिलं होतं ते परत घेतो, साहेब. दुसरंही देणार नाही."

"मग सगळेच बुडाल."

"बुडू."

लियाकतसाहेबांनी सही केली नाही. अशा माणसांना दुसऱ्याच्या सहीची सवय असते. वर्कशॉप रखडत डिसेंबरपर्यंत चाललं, मग शटर पडलं. खलास. पण सातही जणांच्या हातात मालकाच्या सहीचं पत्र होतं आणि हक्काची ग्रॅच्युइटी होती. तेवढ्यावर झाराचं शाळेचं वर्ष पुरं झालं.

पुण्याला परतण्याआधी सूर्यकांत दुबईत अल मनखूलला मरियमबीकडे निरोप घ्यायला गेला. दार झारानं उघडलं.

"अंकल, माय फ्रेंड्स से अम्मीनं जॉब सोडला. डिड शी?"

मरियमबी आतून बाहेर आली आणि उंबऱ्यात थांबली. सूर्यकांतानं एकवार तिच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे.

"नाही, बाळा. तिनं नाही सोडला. मी सोडायला लावत होतो. ती हलली नाही."

झारा आईकडे बघतच राहिली.