गावपळणीतला दवाखाना

सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड सगळ्यांना मिळू लागलं आणि आचऱ्यातल्या म्हाताऱ्यांना एकदम आपले डोळे आठवले. मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. हौसाबाईंना मात्र तारीख मिळाली ती नातीच्या, दिव्याच्या, लग्नानंतरची.

"माका नवरो बघूचो आसा," त्यांनी मालवणच्या रुग्णालयात डॉक्टर शर्मिष्ठांना सांगितलं. "फोटोत नुसतो धूर दिसता."

"आजी, ऑपरेशन करायला मी तयार आहे. खाटा नाहीत. पहिली रात्र नर्सच्या नजरेखाली काढायला हवी. कार्डं वाढली, वॉर्ड होता तेवढाच राहिला."

"मगे घराक धाडा."

"आणि आमच्या स्वप्ना सिस्टरने वाडीवाडीतून फिरायचं? तुम्ही तर जाताच चुलीपुढे बसाल."

"घर खंय आसा? देवाचो कौल झालो. फुडल्या आठवड्यात गावपळण."

देवाने कौल दिला की सारा आचरा गाव गुरं, कोंबड्या, कुत्र्यांसकट वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस झोपड्यांत राहतो.

"सगळी म्हातारी वेशीभायल्या एकाच माळार मेळतली," हौसाबाई म्हणाल्या. "एक नर्स पुरा."

डॉक्टर हसल्या आणि हसता हसता थांबल्या. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः माळ बघून गेल्या. पेशंटांचा मांडव वेगळा, खाली ताडपत्री, चुली आणि गुरं पार दुसऱ्या टोकाला, अशा त्यांच्या अटी होत्या.

"म्हाताऱ्यांका मांडव आणि गुरांका वनवास!" हौसाबाईंचे दीर दाजी कुरकुरले. बांबू मात्र त्यांनीच तोडले.

ऑपरेशनं मालवणला झाली. तिथून अँब्युलन्सने एकेक म्हातारा माळावर उतरला. मांडवात ओळीने खाटा, प्रत्येकाच्या एका डोळ्यावर पट्टी. संध्याकाळी भजन सुरू झालं तेव्हा स्वप्ना ओरडली, "मान हलवायची नाही!" मग सगळ्यांनी बोटांनी ठेका धरला. रुग्णालयातली रांग काही संपली नाही, पण आचऱ्याच्या पुढच्या तारखा मोकळ्या होऊन दुसऱ्या गावांना गेल्या. शेजारच्या गावचे सरपंच तर विचारून गेले, "आमच्या देवाक असो कौल देवूक जमात काय?"

सकाळी हौसाबाईंची पट्टी निघाली. समोर एक उंच तरुण उभा होता.

"बरो आसा गो नवरो!"

"आजये, तो अँब्युलन्सचो ड्रायव्हर!" दिव्या म्हणाली.

"तेचा लगीन झाला काय?"

मांडव हसला. तेवढ्यात खरा नवरा, कट्टा गावचा गुरुदास, चहाचा थर्मास घेऊन आला. हौसाबाईंनी त्याला उजेडात उभं केलं, वळायला लावलं, पुन्हा वळायला लावलं.

"कान मोठे आसत," हौसाबाई म्हणाल्या.

गुरुदासचा हात कानाकडे गेला.

"आसांदे, आयकूक बरे. आमच्या दिव्याक बोलूक लय लागता. चाय दी रे, जावयबापू."