दारातली घोंगडी

“बाराशे? एका घोंगडीला?” गिऱ्हाईक बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

दुकानातला नोकर रामकिसन हसत दुसऱ्या फळीकडे वळला. “ती राहू द्या मॅडम. ही ब्लँकेटं बघा. फक्त एकशे नव्याण्णव.”

बाईंनी दोन ब्लँकेटं घेतली. पैसे वाचवल्याचं समाधान चेहऱ्यावर घेऊन त्या पायऱ्या उतरल्या.

पायरीशी उभी असलेली सुगंधाबाई सगळं ऐकत होती. दारातल्या खुंटीवर टांगलेली ती काळी घोंगडी तिच्या घरची होती. लोकर तिनं कातलेली आणि तिच्या नवऱ्यानं, भिकननं, दौलताबादजवळच्या वस्तीवर ती मागावर विणलेली. चिंचोक्याची खळ देऊन इतकी घट्ट केलेली, की पाणी वरच्या वर ओघळावं. गुलमंडीवरच्या या दुकानाचे मालक तात्यासाहेब यांनी ती ठेवून घेतली होती. विकली की चारशे रुपये द्यायचे, असं ठरलं होतं. सुगंधाबाई चौकशीला आली की तात्यासाहेब हळहळायचे, “लोकांना आता हे नको असतं, बाई.”

घरी जाऊन ती भिकनला तेच सांगायची. गेल्या हिवाळ्यात भिकननं मागाची लाकडं उपसून चुलीशी आणून टाकली. “कुणाला नकोच असंल तर कशापायी?” एवढंच बोलला. त्या लाकडांवर तिनं भाकरी भाजल्या होत्या.

“रामकिसन,” ती आत आली, “बाराशे कुणी ठरवलं रं?”

रामकिसन तिच्या माहेरच्या गावचा. त्यानं गल्ल्यावर बसलेल्या मालकाकडे चोरून पाहिलं. “मावशी, ती विकायला लावलेलीच नाय. आधी बाराशे ऐकलं, की एकशे नव्याण्णव फुकट वाटतं माणसाला.”

“आन कुणी बाराशे देतो म्हणलं तर?”

“म्हणलं व्हतं की एक जण. पुण्याचा. मालकानं सांगितलं, आधीच कुणी तरी सांगून ठेवलीय.”

चुलीत जळणारी मागाची लाकडं सुगंधाबाईच्या डोळ्यांसमोर आली, आणि ‘लोकांना हे नको असतं’ हा तिनंच घरी नेलेला निरोप. मग ती सरळ गल्ल्यापुढे जाऊन उभी राहिली.

“तात्यासाहेब, लोकांना नको असती म्हणत व्हता ना तुमी?”

तात्यासाहेब जराही ओशाळले नाहीत. उलट कौतुकानं हसले. “अहो बाई, धंद्याची रीत आहे ही. मोठा आकडा आधी कानावर पडला, की पुढचा आकडा हलका लागतो. माणसाचं मनच तसं असतं. तुमच्या घोंगडीनं माझं दुकान चालवलं म्हणा ना.” त्यांनी गल्ल्यातून शंभराच्या चार नोटा काढल्या. जरा थांबून वर पाचवी ठेवली. “घ्या. आजपासून ती माझी. आहे तिथं राहू द्या.”

नोटा समोर पडल्या होत्या. घरात तेल संपलं होतं.

“नाय.”

“का? ठरल्यापेक्षा जास्तच देतोय.”

“अंगावर घ्यायला इणलीय ती. दुसऱ्याचा माल खपवायला नाय. माझ्या माणसाच्या हाताला गिऱ्हाइकानं नाय म्हणलं नव्हतं तात्यासाहेब, तुमी म्हणलं.”

“कोण घेणार आहे तुमच्याकडून?”

“कुणी नाय घेतली तर आमी पांघरू.”

तिनं स्टूल ओढलं आणि वर चढली. स्टूल डगमगलं. तात्यासाहेबांनी डोळे वटारले, तरी रामकिसननं पुढे होऊन ते धरलं. घोंगडी खाली आली तशी धुळीचा लोट उठला. सुगंधाबाईनं तिला टाचलेली बाराशे किमतीची चिठ्ठी ओरबाडून काढली आणि गल्ल्यावर ठेवली.

“हे तुमचं हाये.”

तो गुरुवार होता, शहराच्या कडेला छावणीत भरणाऱ्या आठवडी बाजाराचा दिवस. गावाकडची वाटही तिकडूनच जायची. बाजारात दोर विकणाऱ्या एका बाईशेजारी तिनं घोंगडी झटकून अंथरली.

“सहाशे सांग,” दोरवाली म्हणाली. “मंग घासाघीस करून चारशेवर ये. गिऱ्हाइकाला वाटतं, आपुनच जिंकलो.”

“जे हाये तेच सांगते.”

“चारशे,” ती सांगत राहिली. कुणी तीनशे म्हणालं, कुणी हसून पुढे गेलं. एकानं साडेतीनशेच्या नोटा हातात कोंबायचा प्रयत्न केला, तिनं हात पाठीमागे नेले. ऊन उतरायला लागलं तेव्हा वैजापूरकडचा एक मेंढपाळ थांबला. त्यानं भाव विचारलाच नाही आधी. कड चिमटीत धरून पाहिली, वास घेतला, मग विचारलं.

“चारशे.”

“द्या.”

दिवेलागणीला ती वस्तीवर पोचली. भिकन ओट्यावर बसला होता. तिनं दुकानातलं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. बाराशे, पुणेवाला, चिठ्ठी. भिकन खाली मान घालून ऐकत राहिला. मागाबद्दल दोघांपैकी कुणीच बोललं नाही. कितीला गेली, तेही त्यानं विचारलं नाही.

“घेणाऱ्यानं अंगावर घेऊन बघितली का?”

“व्हय. डोक्यावरून खोळ करून.”

“उंच व्हता?”

“लई उंच. पोटऱ्यांपतुर आली.”

“मंग बराबर भरली लांबी,” भिकन म्हणाला, आणि जेवायला हात धुवायला उठला.