गवळ्याच्या वाडग्यातून आलेले गुंडे

हे तुम्ही मानणार नाही. आजवर कोणी मानलेलं नाही, आणि उद्या मीही म्हणेन की मी असं बोललोच नव्हतो. पण चिखलीची एसटी येईपर्यंत दुसरं करायचं तरी काय? साक्षीला खुद्द माणिकराव इथं बाकावर बसला आहे. तो बोलणार नाही. त्या दिवशी एकदाच मला सांगितलं, तेव्हापासून तो या गोष्टीवर बोललेलाच नाही, म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं.

त्याच्या शेताला लागून गवळ्याचं वाडगं आहे. वाडगं म्हणजे नुसता मातीचा गोल बांध, पुरुषभर उंच, आत अख्खा बैलबाजार मावेल एवढी मोकळी जागा. समोरासमोर दोन खिंडी, त्यातून गावाकडची पायवाट जाते. गवळीराजानं गुरं कोंडायला बांधलं म्हणतात. बुलढाण्याहून एक प्राध्यापक टेप घेऊन आले होते, ते म्हणाले, त्याच्याही आधीचं आहे, लोखंड नवं नवं होतं तेव्हाचं. त्या बांधाची माती गावात कोणी उचलत नाही.

माणिकरावानं उचलली. भूतबीत न मानणारा माणूस. यंदा सगळं शिवार सोयाबीन-कपाशीचं, ज्वारी एकट्या त्याची. ती हुरड्यात आली आणि तालुक्यातल्या पाखरांना जणू आवतण गेलं. गोफणीतून फेकायचा गुंडा, म्हणजे मातीचा गोळा, काळ्या मातीचा केला तर वाळला की त्याचा भुगा होतो. बांधाची माती चिकट, वळली की लाडवासारखी टिकते. टोपलंभर गुंडे वळून, उन्हात वाळवून तो पाखरं राखायच्या माळ्यावर चढला.

ऊन डोक्यावर आलं होतं. पाखरांचा थवा उठून वाडग्याकडे वळला, तशी त्यानं गोफण फिरवली. गुंडा बांधावरून पलीकडे गेला. जरा वेळानं पलीकडून एक गुंडा आला आणि ज्वारीत पडला.

"वानेर असंल," इथं बसलेला पंजाबराव म्हणतो आहे. पंजाबराव, त्यालेही तेच वाटलं. पण वानेर गोटा फेकल, गोफण कुठून आणल? येणाऱ्या गुंड्याला गोफणीचा तो सूंऽऽ आवाज होता.

"कोण हाये बे तथी?" माणिकराव ओरडला.

त्यानं दुसरा गुंडा मुद्दाम तिकडेच सोडला. परत आलेला माळ्याच्या खांबावर असा बसला की माळा हलला. माणिकराव खाली उतरला आणि गुंडा उचलून त्यानं उलटापालटा करून पाहिला. याचे गुंडे उन्हात वाळवलेले. हा भट्टीत भाजलेला, लाल आणि अजून गरम. त्यावर अंगठ्याचा ठसा होता. ठसा माणसाचाच, पण माणिकरावाच्या करंगळीहून लहान.

तो परत माळ्यावर चढला, कारण पायांना दुसरं काही सुचेना. पाखरं गप्प झाली होती. मग यानं काही न फेकताच सूंऽऽ झालं. पुन्हा झालं. टोपलं फुटलं, पाण्याचा डबा आडवा झाला. माणिकराव फळ्यांना पोट लावून पडला आणि त्याला वाट दिसली.

वाटेनं त्याची बायको केसरबाई येत होती. डोक्यावर भाकरीची पाटी, हिरवं लुगडं, आपल्याच तंद्रीत. वाडग्याच्या अलीकडच्या खिंडीत ती शिरणार होती. फोन मोटारसायकलच्या पिशवीत, मोटारसायकल पार शेताच्या दुसऱ्या टोकाला. हाक मारावी तर जिभेला टाळू सोडवेना. आपल्या वाट्याचा मार आता तिला बसणार, एवढंच त्याला कळत होतं.

त्यानं उडी मारली. गोफण टाकली, धोतराच्या सोग्यात उरलेले गुंडे गोळा केले आणि ज्वारी आडवी करत पळत सुटला. गुंडे त्याच्यापुढे पडत होते, एकाला लागून एक, जणू कोणी रेघ ओढून सांगत होतं की इथून पुढे यायचं नाही. तो रेघ ओलांडून गेला. एक कानाला चाटून गेला, रक्त आलं. बांधाशी पोचून त्यानं सोगा सोडला.

"घ्या," तो म्हणाला, "तुमची माती तुमाले. तिले जाऊ द्या. तिनं नाही नेली, म्या नेली."

तेवढ्यात केसरबाईचा पदर खिंडीच्या आत गेला.

माणिकराव हातापायांवर बांध चढला. वर पोचून आत पाहिलं. कमरेएवढं गवत, वारा नाही, एक पातं हलत नव्हतं. केसरबाई नव्हती. पलीकडची खिंड मोकळी. मधोमध वाटेवर पाटी पालथी पडलेली, आणि पाटीखालच्या भाकरीतून अजून वाफ—

"उकंडभाऊ, जरा सरका," बाकाच्या मागून कोणी तरी मला म्हणालं. केसरबाई होती. हातातली पिशवी तिनं बाकावर ठेवली. किती वेळची ऐकत होती कोण जाणे.

"तोंडाले काही धरबंद? माह्या डोक्शावर पाटी कधी पाह्यली? हे सकाळीच डबा घेऊन जातेत गाडीवर. अन् त्या रोजी तं मी गावातच नोती. आधल्या दिवशीच नांदुऱ्याले गेली होती, बहिणीकडं. हे घरी आले ते कान फुटलेला, अन् तापानं फणफणले, तवा फोन आला मले. म्हणे माळ्यावरून पडलो." ती नवऱ्याकडे वळली. "खोटं बोलून राह्यला हा मानूस. सांगा न याले, ते बाई मी नोती म्हणून. काऊन चूप हाये तुमी?"