हात हलला

लेकीच्या प्रयोगशाळेत अप्पा मोठ्या ऐटीत आले होते. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. आता विज्ञानाला हातभार लावतोय, हे सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं. काम सोपं. सायकल मारायची, मग उजवा हात न हलवता पडून राहायचं. हातातली रक्तवाहिनी व्यायामानंतर किती रुंदावते, ते लेक पडद्यावर मोजणार. एकदा संध्याकाळी, एकदा सकाळी.

संध्याकाळी वाहिनी छान मोकळी झाली होती. आज सकाळी मात्र सायकल तीच, हात तोच, आणि वाहिनी काही केल्या रुंदावेना. लेकीने पुन्हा मोजून पाहिलं, तरी माप तेच. अप्पा पूर्वी संध्याकाळीच फिरायला जात. "सकाळचा व्यायाम चांगला हो," असं गोड बोलून तिनेच त्यांची वेळ बदलली होती. तब्येतीची काळजी नुसती नावाला! संध्याकाळी नातीला अप्पांनी सांभाळलं, की बाईसाहेब पोहायला मोकळ्या.

हात हलला तर ते माप बाद, असा तिथला नियम. तिने तोच पकडला.

"अप्पा, हात हलवलात ना!"

"मी? नाही गं… हलला असेल बाई. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार नवी पाटी सांगायला आला, तर त्यांनी चक्क हात जोडले. "दुसरा पेंटर बघ बाबा. माझा हात हलायला लागलाय. लेकीने मशीनवर पाहिलंय." ब्रश कधीच धुऊन, कागदात गुंडाळून माळ्यावर गेले होते.

दारात उभ्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अप्पा, हात नव्हता हलला. मी खोटं बोलले." मग वाहिनी, संध्याकाळ, पोहणं, सगळं तिने ओकून टाकलं. "एका मापाने काही ठरत नाही, पण मला ते बघवेना. प्रयोगशाळेतल्या मोठ्या डॉक्टरांनाही आजच खरं सांगते. तुम्ही संध्याकाळीच फिरायला जा. पोहण्याचं मी बघीन."

आता बोलणी बसणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. अप्पांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला, बोटं ताणली.

"म्हणजे हलत नाही?"

"नाही."

"अरे, थांब रे, जाऊ नकोस!" त्यांनी दुकानदाराला हाक मारली आणि माळ्यावरचे ब्रश काढायला तुरुतुरु स्टुलावर चढले. लेक धावली. त्यांनी वरून तिच्याकडे पाहिलं.

"स्टूल नीट धर गं. तुझाच हात हलतोय."